होयबाचं ‘नाही’

माझ्या धाकट्या भावाला सगळे होयबा म्हणतात. कुणाची हांजी हांजी करतो म्हणून नव्हे, ऐकू येत नाही म्हणून. तीस वर्षं पत्र्याच्या पेट्या ठोकून कानांचं वाटोळं झालं. पण बहिरा म्हटलेलं त्याला खपत नाही. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलावून हा म्हणणार, “हो.” गिऱ्हाईक चिडून विचारी, “कडी उलटी बसवलीस की काय?” “हो.” आम्ही पोट धरून हसायचो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

मग एका गोदामात चोरी झाली. दाराची कडी यानेच बसवलेली, म्हणून याला उचललं. कोर्टात विचारलं, “सरकारी खर्चाने वकील मिळेल, पण तुम्हाला नकोय ना?” “हो.” “गुन्हा कबूल?” “हो.” झालं! सात वर्षं. वकील मिळणं हा म्हणे घटनेने दिलेला हक्क. माझ्या भावाचा हक्क एका अक्षरात गेला.

वरच्या कोर्टात अपील केलं. आमच्या वकीलबाई पोटतिडकीने भांडणाऱ्या. “काय विचारलं तेच त्यांना कळलं नव्हतं, एवढं पटवायचंय,” त्या म्हणाल्या. कानांच्या दाखल्यासाठी तुरुंगातल्या डॉक्टरकडे अर्ज केला. डॉक्टरने विचारलं, “ऐकू येतं ना?” याने काय सांगितलं असेल, ते सांगायला नकोच. दाखला मिळाला नाही.

“न्यायाधीश त्यांनाच विचारतील, वकील नको म्हणालात का? खरं ते सांगू द्या,” वकीलबाईंनी बजावलं होतं. पण मला कुठला धीर! दर भेटीला मी जाळीला तोंड लावून ओरडायचे, “नाही म्हण! काहीही विचारू देत, नाहीच म्हणायचं!” महिनाभर घोकून घेतलं. जन्माची खोड मोडताना बिचाऱ्याला घाम फुटायचा.

न्यायाधीश स्वभावाने भले होते, हेच आमचं नशीब फुटकं. दरडावून विचारायचं सोडून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला वकील हवा होता का?”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मान ताठ केली आणि खणखणीत म्हणाला, “नाही!”

वकीलबाई ताडकन उठल्या. “साहेब, त्यांना ऐकू येत नाही!”

“मग उत्तर कशाचं दिलं?”

त्यावर आमच्याकडे दाखवायला एक कागदही नव्हता. अपील फेटाळलं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं. सात वर्षं त्याला मी दिली होती, माझ्या शहाणपणाने.

शिपाई त्याला घेऊन निघाले. माझ्याजवळ येताच तो थांबला. इतकं खूश मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

“ताई, बरोबर बोललो ना?”

मी मान डोलावली. “हो.”