अंजिराला मूठमाती

१९८६च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरहून मोटारीने निघालो, तेव्हा मला जायचं होतं फक्त निफाडला, माझ्या घरी. पण माझा मुलगा माधव म्हणत होता, "आई, आता कायमची इथेच राहा." मी हो-नाही सांगेपर्यंत तो परतीचं तिकीट काढणार नव्हता. मागचा अख्खा हिवाळा मी बंद घरात येरझारा घालून काढला होता.

"पेनसिल्व्हेनियात डोंगरावर इटालियन लोकांचं जुनं गाव आहे," तो म्हणाला. "तेही गाव सोडूनच आले. बघ कसे रमलेत."

मला पटवायला नेतोय, हे कळत होतं. वाटेत मी दोनदा पट्टा सोडला.

"आई, सीट बेल्ट लावा ना, पोलीस स्टॉप करतात," सून नीला म्हणाली.

गाव मात्र पाहण्यासारखं. इटलीतल्या एकाच डोंगरगावातून ही माणसं पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला आली आणि इथेही डोंगरच शोधून बसली. माथ्यावर चर्च, तिकडे चढणारा अरुंद रस्ता, दोन्हीकडे खेटून घरं. ओसरीवर लाल मिरच्यांच्या माळा. अमेरिकेत पहिल्यांदाच माणसं दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघताना दिसली. बेकरीत टोमॅटो लावलेला जाड पाव खाल्ला. मीठ कमी होतं.

चर्चमागच्या एका परसात दोन माणसं पोत्यात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं काहीतरी खड्ड्यात निजवत होती. शेजारी काळ्या कपड्यातली म्हातारी. "हे लोक घरीच पुरतात वाटतं," म्हणत मी चपला काढल्या, आत गेले, हात जोडले आणि मूठभर माती टाकली.

सगळे बघतच राहिले. मग म्हातारी पोट धरून हसली.

"आई, अंजिराचं झाड आहे ते!" माधव लाजून लाल झाला. "थंडीत मरू नये म्हणून पुरतात. थंडी सरली की परत उभं करतात."

"मला काय माहीत? चपला आण आधी, पाय गारठले."

म्हातारीचं नाव रोझा. तिने घरात नेऊन कडू कॉफी दिली. ती बोले, तिचा मुलगा इंग्रजीत सांगे, माधव मराठीत.

"लग्न होऊन आली तेव्हा माहेरची फांदी आणली होती म्हणते."

"विचार, पुन्हा गावी गेली का?"

रोझाने नकारार्थी मान हलवली. आधी मुलं, मग नातवंडं, मग गुडघे.

"आणि फळ?"

"धरतं म्हणते. पण..." माधव थांबला. "तिथल्यासारखं गोड नाही."

प्रामाणिक आहे पोरगा.

परतताना त्याने विचारलंच, "जगलं ना पण झाड?"

"जगलं की. दर वर्षी गाडून घेतं म्हणून जगलं. मला एक हिवाळा पुरे झाला. तिकीट काढ."

घर आलं. गाडी थांबली तरी माधव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याला वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. पण रोझाबरोबर अख्खं गाव आलं होतं. मी एकटी आले होते. तिचं पाहून मी कशी राहणार?

"उन्हाळ्यात तरी येशील?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यात येईन," मी म्हणाले आणि पट्टा सोडून उतरले.