वारा सुटला की धरणावर

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर आमचे हे धरणावर पोहायला जाऊ लागले. सोबत तीन पेन्शनवाले मित्र. सकाळी जायचे, नाश्त्याला परत यायचे. माझी काही तक्रार नव्हती.

या उन्हाळ्यात मात्र वेळ बदलली. शांत दिवशी हे दुपारभर झोपायचे, आणि दारासमोरचा कडुनिंब हलायला लागला की ट्रकची ट्यूब घेऊन निघायचे.

"एवढ्या वाऱ्यात कायले जाता?" मी विचारलं.

"लाटा मस्त उठतेत."

गणपतीपुळ्याला समुद्रात गुडघ्याच्या वर न उतरलेला हा माणूस. एकदा पिशवीत मासे घेऊन आले. कोणी दिले विचारलं, तर चप्पल शोधत म्हणाले, "दिले एका बाईनं."

पुढच्या वाऱ्याच्या दिवशी मी स्कुटीवरून मागोमाग गेले.

पाणी पार आटलं होतं. काठाला चिखल आणि प्लास्टिक, मध्ये गढूळ, आखूड लाटा. त्यांवर चार म्हातारे ट्यूबमध्ये बसून वरखाली होत होते. पोहत कोणीच नव्हतं. जवळच एक बाई छोट्या नावेतून जाळं ओढत होती. मी काठावरच उभी राहिले, ती येईपर्यंत. माझ्याहून बरीच लहान होती.

"आमचे हे तुमच्यापाशी कायले येतेत?" मी सरळच विचारलं.

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मलेबी समजून नव्हतं राह्यलं, बाई. मले वाटलं, दिरानंच पाठवले."

नवरा वारल्यावर मासेमारीचा परवाना तिच्या नावावर झाला होता. तो दिराला हवा होता. वाऱ्याच्या दिवशी बाकीच्या नावा काठाला असायच्या, पाण्यावर कोणी नसायचं, आणि नेमकं तेव्हाच तिनं पाण्यात लावून ठेवलेलं जाळं फाटायचं. तुम्हीच कापता का, म्हणून ती एकदा या चौघांवर ओरडली होती. तेव्हापासून वारा सुटला की हे पहाऱ्याला हजर.

तेवढ्यात हे कुडकुडत बाहेर आले.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू म्हटलं असतं, आपल्याले काय करायचं."

म्हटलंच असतं. तरी मी विचारलं, "कोणाले कापताना पाहिलं का पण?"

"नाही. आम्ही येतो तवापासून कापलं नाही, एवढंच."

मला ते पटेना. जाळं दगडालाही अडकतं, झाडाच्या खुंटालाही. त्या बाईनं जाळ्याचा जुना तुकडा माझ्या हातात दिला. फाटलेला नव्हता, सरळ कापलेला होता. मी मान वर केली, तर पलीकडच्या काठावर मोटरसायकलवर एक माणूस बसून आमच्याकडे बघत होता. मी डोळ्यांवर हात धरून नीट पाहू लागले, तेव्हा त्यानं गाडी वळवली.

"तोच का?"

"एवढ्या दुरून काय सांगू," ती म्हणाली.

त्यानंतर वारा सुटला की मीही छत्री घेऊन काठावर बसू लागले. पाण्यात उतरायची माझी हिंमत नव्हती. पलीकडचा काठ तेवढा बघत राहायचे.

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होईपर्यंत जाळं पुन्हा कापलं गेलं नाही. दीर आता तिच्याशी गोड बोलतो, तिच्या मुलीला गाडीवरून शाळेत सोडतो. ती त्याला चहा देते. जाळं मात्र तिनं अंगणातून काढून घरात, पलंगाखाली ठेवलं आहे.