गाईच्या नावाची पन्नी

तुम्ही ज्या खानावळीत रोज जेवता, तिच्या मागच्या दाराशी कधी जाऊन उभे राहिलात का? मी सावंगीला कॉलेजात शिकते. तिथल्या एका मेसमध्ये मी वर्षभर दोन्ही वेळा जेवत होते आणि एकदाही मागे गेले नव्हते. शेवटी गेले तीही वासाने. उन्हाळ्यात तो वास ताटापर्यंत यायला लागला होता.

मागे नाला होता. त्यात पाणी थोडं आणि आमचं उष्टं फार. भात, वरण, अर्ध्या चावलेल्या पोळ्या, आणि त्यातच दह्याची रिकामी पाकिटं, द्रोण, प्लास्टिकचे चमचे. डुकरं त्यात गळ्यापर्यंत उभी होती. तिथेच मेसला भाजी देणारा शेतकरी मोटरसायकल लावून वांग्याची आणि सांबाराची पोती उतरवत होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी. नाल्याकडे बघत तो म्हणाला, "एवढं खत वाया जाऊन राह्यलं, ताई. मले ओलं वेगळं काढून द्या. पन्नी नको, काच नको. शेण अन् सोयाबीनचं कुटार, भुसा टाकून खड्ड्यात कुजवतो. त्याच्यावरच तुमची वांगी पिकवतो."

मेसच्या मालकाला मी विचारलं. तो हसला. "न्या ना. पण वेगळं काढाले माणसं कुठून आणू? तुम्ही येता काय, मॅडम, ताटं निवडाले?"

मला असं कोणी डिवचलं की मी लिहायला बसते. माझे वडील पुलगावला लहानसं दुकान चालवतात आणि जन्मभर पत्रकं काढत आले. पाण्यासाठी, रेशनसाठी, बंद पडलेल्या नळासाठी. इतर मुली कागदाच्या होड्या करायच्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. आमच्या घरी अन्याय दिसला की आधी कागद शोधला जायचा, मग चप्पल.

शेतकऱ्याने मेसमध्ये दोन निळे ड्रम आणून ठेवायचं कबूल केलं. मी लिहिलं: उरलेलं अन्न निळ्या ड्रममध्ये टाका, प्लास्टिक त्यात टाकू नका. वाचून मलाच कंटाळा आला. मग खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ घातली: तुमच्या ताटातल्या घासावर एक गाय जगेल. शेजारी गाईचं चित्र काढलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "गाय काऊन आणली मधात?"

"खड्ड्यासाठी कोणी हात हलवत नाही, बाबा. गाईसाठी हलवतात."

"त्याच्या घरी गाय आहे?"

"आहे एक."

"तिच्यासाठी मागतलं त्यानं?"

मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. पत्रक चांगलं जमलं होतं.

परत आल्यावर मी ते मेसच्या भिंतीवर लावलं, आणि ते लागूही पडलं. आठवडाभरात पोरं ताटं निळ्या ड्रममध्ये झाडायला लागली. नाला हळूहळू मोकळा दिसू लागला. शेतकरी रोज दुपारी मोटरसायकलला दोन ड्रम बांधून न्यायचा. त्याच्या खड्ड्यातलं पहिलं खत मी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्याला मातीचा वास होता. आम्ही जिंकलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले.

मेसमध्ये पोळ्या करणारी एक मावशी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण गाईचं चित्र कळत होतं. एकदा ती उरलेल्या कणकेचा गोळा आणि दोन ताज्या पोळ्या लहानशा पन्नीत घालून गाठ मारताना दिसली. पन्नी तिने ड्रममध्ये ठेवली.

"मावशी, पन्नी नाही टाकायची यात."

"मंग उष्ट्यात टाकू काय व गाईचा घास?" ती माझ्यावरच रागावली. "पहिली पोळी तिची असते, पोरी. पोरट्याइच्या उष्ट्याले लावून देऊ? पाप लागते."

मी हसले. ती गाठही मोठी छान मारायची, दुहेरी, वर सशासारखे दोन कान. शेतकरी सोडून घेईल, असं मनाशी म्हणून मी वर्गाला गेले. तिचं बघून भांडी घासणाऱ्या बायकाही तसं करू लागल्या. श्रावणात तर रोज.

शेतकरी खरंच सोडायचा. वर दिसतील त्या पन्न्या मोकळ्या करून पोळ्या गाईपुढे टाकायचा. पण त्यांच्यावर दुपारचं उष्टं पडलं की पन्न्या ड्रमच्या तळाशी जायच्या. गाय खड्ड्याजवळच निंबाखाली बांधलेली असायची. ड्रम काठावर उपडा केला की दावं पुरेल तेवढी ती पुढे यायची. तिला पोळीची चटक आम्हीच लावली होती.

एक दिवस तो भाजी न घेताच आला. "ताई, गाय दोन दिवस झाले काई खाऊन नाई राह्यली. रवंथ बी नाई करत. पोट असं झालं, नगाऱ्यासारखं."

मी त्याच्या मागे बसून गेले. गाय सहा महिन्यांची गाभण होती. मान एका कुशीकडे वळवून ती बसली होती आणि उठवली तरी उठत नव्हती. शेतकऱ्याची बायको तिच्या पोटाला तेल चोळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. जनावरांच्या डॉक्टरने पोट फाडायचं ठरवलं, पण सामान मांडेपर्यंत गाय गेली.

मग त्याने ती कापून दाखवली. आधी वासरू काढून बाजूला ठेवलं. मग पोटातून पन्न्यांचा गोळा निघाला, दोन हातांनी उचलावा एवढा. डॉक्टरने तो पाण्याने धुतला. त्यात एक लहान पन्नी न फाटता राहिली होती. आत कणीक काळी पडली होती. वर दुहेरी गाठ होती, दोन कानांची.

शेतकरी मला एक शब्द वाकडा बोलला नाही. परत सोडताना रस्त्यात म्हणाला, "तुमच्या कागदावर गाय होती ना, ताई. म्या तेव्हाच सांगाले पायजे होतं. मले तर खड्ड्यासाठीच पायजे होतं."

मेसमध्ये जाऊन मी आधी भिंतीवरचं पत्रक काढलं. मग मावशीला सांगितलं. गाठीबद्दल गप्प राहावं असं फार वाटलं होतं. पण ती उद्या पुन्हा तीच गाठ मारणार होती.

"माझीच होती?" तिने विचारलं.

"तुमचीच. आणि गाय पत्रकात मी आणली होती."

ती पोळपाटाकडे वळली. तव्यावरची पोळी जळली तरी तिने काढली नाही. आता ती पहिली पोळी हातात घेऊन बाहेर जाते, दारात एखादी गाय येईपर्यंत उभी राहते, आणि नाही आली तर पोळी परत आणते.

शेतकरी ड्रम न्यायला पुन्हा आला नाही. त्याच्या बायकोने ते अंगणात ठेवू दिले नाहीत. नाला पुन्हा भरला आहे. "झालं काय आंदोलन, मॅडम?" मालक विचारतो. मी नवं पत्रक लिहिलं आहे, त्यात गाय नाही. ते घेऊन त्या शेतकऱ्याच्या दारी जायचं धैर्य अजून झालेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. आज जिथे जेवाल, तिथल्या मागच्या दाराशी जा. ओल्या कचऱ्याचा ड्रम असेल तर बाही वर करून तळापर्यंत हात घाला. गाठ मारलेली पन्नी लागली तर बाहेर काढा आणि सोडा. मग ती बांधणाऱ्या बाईला शोधा, आणि ती पन्नी कुठे जाते ते तिच्यासमोर बसून, न रागावता, सांगा.