कमरेचा पट्टा

तेव्हा तुळिंजला नळ नावालाच होते. टँकर आला की आमच्या जिन्यातली एक बाई कमरेचा पट्टा सोडून नवऱ्याकडे द्यायची आणि भरलेला हंडा उचलायची. तिचा मणका सरकला होता. वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर वळणावर हंडा कठड्याला टेकवून ती डोळे मिटायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, पट्टा वजन उचलतानाच लावायचा ना?"

"भिजतो हो. महागाचा आहे, यांनी हौसेनं आणलाय."

हे महाशय मागून चढत होते, पट्टा नीट गुंडाळून छातीशी धरलेला. वर मलाच म्हणाले, "जपून चाल म्हणून किती सांगतो हिला. ऐकतच नाही!"

माझं डोकंच फिरलं. चांगला धडधाकट माणूस, दोन्ही हात शाबूत. आणि त्या हातांत धरलं काय, तर पट्टा!