खंडूची शिट्टी

कोथिंबिरीच्या पिशवीला नुसतं बोट लागलं, की आमचा गिनीपिग खंडू पिंजऱ्याच्या जाळीवर पुढचे पाय टेकून अशी चिरकी शिट्टी मारतो, की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहूनच जातात. कालही भाताचा पार गिचका झाला.

लेक त्याला माझ्या गळ्यात घालून होस्टेलवर गेली. फोनवर तिची शिकवणी चालूच असते. "आई, दात वाजवले तर तो चिडलाय. जागच्या जागी उड्या मारल्या तर खूश आहे."

"आणि ती शिट्टी?"

"ती माणसांसाठी असते गं. तुला हाक मारतोय."

म्हणजे हा आणखी एक! नवऱ्याचं "अगं, टॉवेल!", लेकीचं "आई, माझा चार्जर?" या घरात ज्याचं त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे. त्या वीतभर जिवानंही बरोबर तेच उचललं. कोण कशासाठी ओरडतंय, हे ओळखायचं काम तेवढं माझं. माझ्या भांड्यांच्या आदळआपटीचा अर्थ मात्र आजवर कुणी लावलेला नाही.

आज दुपारी ठरवलं, कुणाला म्हणून ओ द्यायची नाही. नवरा ऑफिसात होता. पिशवीचा आवाज न करता कोथिंबीर काढली आणि निवडत बसले. खंडू गप्प. फोनही गप्प. मग फ्रिजची घरघर थांबली, आणि घर इतकं शांत झालं की मलाच कसंसं झालं.

"ओरड की मेल्या," म्हटलं, आणि रिकामी पिशवी जोरात चुरगाळली.