झुंबरतात्यांची नळी

अंथुर्ण्याच्या झुंबरतात्यांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे. त्यातून दुकानदारानं शिकवलं तर अजिबातच नाही. त्यांची बायको प्रयागबाई हिनं जांभळाचा सिरका पिंपात तीन महिने मुरवला होता. तो बाटल्यांत भरण्यासाठी सामान आणायला तात्या इंदापूरला निघाले, तेव्हा तिनं दोनदा बजावलं, "अवो, खाली तोटी बसवलेलं पिंप बघा. न्हायतर हातानं दाबायचा पंप तरी आणा. काटेवाडीच्या बायका बघाया येणार हायत."

काटेवाडीच्या बचत गटाचं बारामतीत दुकान होतं. सिरका पसंत पडला, तर प्रयागबाईच्या बाटल्या तिथं मांडल्या जाणार होत्या. उभ्या जन्मात तिची स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच गोष्ट.

दुकानदारानं तोटीचं पिंप दाखवलं, पंप दाखवला. तात्या हसले. "आरं, ट्रॅक्टरचं डिझेल तीस वर्सं नळीनं काढतोय मी. ही थेरं कशाला?" आणि चार हात नळी तेवढी कापून घेऊन आले. प्रयागबाईनं ती गरम पाण्यानं धुतली, वाळत घातली आणि एक अक्षर बोलली नाही. त्या गप्प बसण्याला तात्यांनी संमती मानली. नवरे मानतातच.

गटाच्या चंद्राबाई दोघीजणींना घेऊन आल्या, त्या दिवशी प्रयागबाईनं पहाटेच अंघोळ करून बाटल्या उकळून ठेवल्या होत्या. चंद्राबाईंनी चमचाभर सिरका चाखला. "झकास झालाय गं," त्या म्हणाल्या. प्रयागबाईचा चेहरा खुलला. एक बाटली भरून दाखवावी म्हणून ती ओगराळं आणि नरसाळं आणायला वळली, तेवढ्यात तात्या पुढं सरसावले.

पिंप खुर्चीवर चढवलं. नळीचं एक टोक आत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि गाल आत ओढून असा जोर लावला की आंबट सिरका थेट घशात गेला. ठसका लागला आणि तोंडातला निम्मा घोट नळीतून परत पिंपात. मिशी पुसून त्यांनी टोक बाटलीत सोडलं. "बघा, कशी धार लागली!"

कुणी बघेना. चंद्राबाईंनी ओठांवर पदर धरला. "निघतो आमी," त्या म्हणाल्या, "बाटल्यांचं कळवते मागनं." चहासुद्धा तसाच राहिला.

सगळं पिंप उष्टं झालं होतं. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी कधी न प्यालेल्या तात्यांना, डिझेल कुणी पीत नसतं एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. प्रयागबाई भांडली असती तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ द्या, घरात संपवू," एवढंच म्हणून तिनं रिकाम्या बाटल्या उचलल्या. तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर तो सिरका कांद्यावर पडला आणि तात्या मान खाली घालून जेवले.

पुढच्या जांभळांना तोटीचं पिंप त्यांनी न सांगता आणलं. सिरका तयार झाल्यावर प्रयागबाईनं धीर करून पुन्हा बोलावणं धाडलं. चंद्राबाई आल्या, पण चमचा हातात घेईनात.

"भरणार कोण गं?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रयागबाई उगाच धुतलेल्या बाटल्या पुसू लागली. परक्या बायकांपुढं नवऱ्याचं काय सांगणार? गोठ्याच्या दारातून तात्यांनी ते ऐकलं. एरवी ते तरातरा उसात निघून गेले असते. आज अंगणात आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"चंद्राबाई, मी पिंपाला हात लावत न्हाय. ही भरती, तवर घरातबी थांबत न्हाय. चूक माजी हुती, हिची न्हाय. तुमी बाटल्या न्या."

मग स्वतःच्याच अंगणातून, कुणाच्याही नजरेला नजर न देता, ते बाहेर पडले. मागं प्रयागबाईनं तोटी उघडली.