कल्लेवाडीच्या बारवेला लागलेला रंग

"थांब, थांब. अक्षरात भरलो म्हंजे? अक्षरात काय भरलास तू?"

"ऑइलपेंट, अप्पा. मागं पिवळा, अक्षरं काळी. एस्टीच्या पाटीवानी. आता पार वरच्या पायरीहून दिसून राहिलंय."

"दिसतंय. पन वाचता येतंय का तुला?"

"मला कुठून येतंय? ते जुनं कानडी. पन सायबाला येतंय ना? त्याच्यासाठीच तर केलो."

मृत्युंजय अप्पांनी दुकानाचं शटर कंबरेपर्यंत उचललं होतं, ते तसंच धरून राहिले. रविवार होता. दुकान उघडायचं नव्हतं, आतला केरसुणीवजा ब्रश आणि पाण्याचा कॅन तेवढा घ्यायचा होता. नांदेडहून आनंदराज सर सकाळी निघाले होते. जुने शिलालेख वाचणारा माणूस. त्यांना कल्लेवाडीच्या बारवेत नेऊन तिथल्या दगडावरची अक्षरं वाचून घ्यायची, एवढं एकच काम अप्पांनी आज धरलं होतं. आणि सांगायला आलेला जलील रंगारी तोंडभर हसत होता.

"तुला कोन सांगितलं रंग द्यायला?"

"तुम्हीच की! सरपंचाला तुम्हीच म्हनलात न्हाई का, नांदेडचा सायब येनार हाय, बारव जरा साफसूफ करून ठेवा?"

"साफ म्हनलो, जलील. झाडलोट. गवत काढा, बाटल्या काढा."

"मग? गवत काढलं, बाटल्या काढल्या, मग रंग देलो. पाव्हना येनार अन् रंग न्हाई, असं कुठं व्हतंय का?" जलीलनं शटरला हात लावून ते वर सारलं. "अन् मजुरी घेतलो न्हाई मी. सरपंच देऊन राहिला होता. म्हनलो, अप्पाचं काम हाय, नक्को."

जलीलची चूक काढावी तर कुठून काढावी? आपल्या मुलखात लग्न निघालं की रंग, उरूस आला की रंग, मंत्री येणार म्हणलं की रस्त्याकडच्या झाडांच्या बुडख्यालासुद्धा रंग. त्याच रंगावर अप्पांचं उदगीरातलं दुकान वडिलांपासून चाललेलं. आणि आता त्यांना आठवलं, परवाच शेषेराव सरपंचाचा माणूस येऊन डबे घेऊन गेला होता. पिवळा, काळा, तांबडा, चंदेरी. "शाळेला का?" म्हणून अप्पांनी विचारलं होतं. "गावचंच काम हाय," म्हणाला. अप्पांनी वरून एक ब्रश फुकट दिला होता. डबे स्वतःच्या हातानं हलवून दिले होते.

ते स्टुलावर बसले.

अप्पांना हा नाद कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. भाच्यासाठी पोरगी बघायला देगलूरकडं निघालेले, जीपचं चाक पंक्चर झालं. बाकीचे झाडाखाली तंबाखू मळत बसले, अप्पा एका आडव्या दगडावर टेकले. बूड टोचायला लागलं म्हणून उठून बघितलं तर दगडावर घोडा, घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात तलवार. कोण्या काळचा कोण लढून मेलेला गडी, आणि आपण त्याच्या टाळक्यावर बसलो. पोरगी पसंत पडली की नाही हे अप्पांना आज सांगता येणार नाही, पण तो घोडा सांगता येतो. लगाम कुठून कुठं गेला होता तेही.

तेव्हापासून रविवार आला की स्कूटरला किक. निलंग्याकडं, कंधारकडं, देगलूरकडं, सीमेपलीकडं बिदरच्या अंगालासुद्धा. कुणी म्हणलं आमच्या रानात खांब उभे आहेत, की अप्पा निघाले. वाचता काही येत नव्हतं. घरात बोलणं कानडी, पण लिपी आजच्या कानडीचीही येत नाही, मग हजार वर्षांमागची कुठून येणार? नुसतं जायचं, बघायचं, हात फिरवायचा, मोबाईलमध्ये फोटो काढायचा आणि परत यायचं. गावोगावची माणसं एकच विचारायची, "सापडला का मटका?" जुन्या दगडाजवळ घुटमळणारा माणूस गुप्तधनावर आलेला, यात कुणाला शंका नसते. एका गावात तर पोरांनी स्कूटरची चावी काढून घेतली आणि पिशवीत लिंबू-नारळ निघतो का ते तपासलं. पिशवीत निघाली ज्वारीची भाकरी आणि गुडघ्याला चोळायचं तेल. पोरांचा फार हिरमोड झाला.

तो घोडेवाला दगड पुढं रस्त्याच्या खडीत गेला. एका वाडीतली बारव बुजवून वर सभागृह बांधलं. एका देवळाचे खांब गोठ्याला लागले. अप्पा दुसऱ्यांदा जाईपर्यंत काही ना काही गेलेलं असायचं. अलीकडं तर ते दुसऱ्यांदा जायलाच भ्यायचे. राहिली होती ती कल्लेवाडीची बारव. आणि अप्पांच्या सगळ्या हिंडण्यात अक्षरं असलेला दगड तेवढाच. वर सूर्य, चंद्र, खाली झिजलेल्या ओळी. आपण एवढे दगड बघितले, त्यातल्या एकानं तरी काय ते बोलून दाखवावं, एवढंच अप्पांना पाहिजे होतं. म्हणून आनंदराज सरांच्या मागं लागून लागून आजचा दिवस ठरवलेला.

फोन वाजला. सरच होते.

"अप्पा, लोह्यात चहाला थांबलोय. दुपारपर्यंत पोचतो."

अप्पांनी जलीलकडं बघितलं. येऊ द्यावं का? आल्यावर माणूस काहीतरी वाचूनच जाईल. पण इतक्या लांबून यायचं आणि एस्टीची पाटी बघायची.

"सर, दगडाला रंग देलेत."

तिकडं बशी ठेवल्याचा आवाज आला. सर रागावले नाहीत, त्याचंच अप्पांना जास्त वाईट वाटलं. रागवायचंही आता त्या माणसाला जड झालेलं दिसत होतं.

"ऑइलपेंट?"

"हाव."

"अक्षरं भरलीत?"

"भरली."

"मग मी येऊन उपयोग नाही, अप्पा. खाचेत रंग बसला की कागदावर ठसा उठत नाही. आणि रंगवणाऱ्यानं भरलंय ते वाचलं तर मी त्याचं लिहिलेलं वाचीन, दगडाचं नाही. आधी रंग उतरवा. तारेचा ब्रश नको, खरडायची पत्री नको, ऍसिड तर अजिबात नको. उतरला तर कळवा."

"मग याल का?"

"बघू," सर म्हणाले. अप्पा गिऱ्हाइकाला उधारीवर हेच म्हणतात, त्यामुळं त्यांना अर्थ कळला.

जलीलचं हसणं एव्हाना उतरलं होतं. "म्हंजे मी बिघडवलो?"

"तू न्हाई. रंग माझाच होता." अप्पा उठले. आतल्या फळीवरून रंग काढायच्या औषधाचा डबा घेतला, सुतारलोक जुन्या खिडक्यांना लावतात तो. "चल. बघून तर येऊ."

दुकानामागं घर. पाण्याचा कॅन भरायला गेले तर सुकन्याबाईंनी विचारलं, "सायब आले?"

"न्हाई आले. घरातले जुने दात घासायचे ब्रश कुठं हायत?"

त्यांनी नवऱ्याकडं नीट बघितलं, ब्रश आणून दिले आणि भाकरीचं फडकं पुढं केलं. "तिकडं काय बी घासा. अगोदर ऊटा माडरी." जेवून घ्या म्हणजे. अप्पांनी फडकं तसंच पिशवीत टाकलं.

कल्लेवाडीत सरपंच शेषेराव बारवेच्या तोंडाशीच खुर्च्या टाकून बसलेले. टॉवेल-टोपी, नारळ, सगळा सत्काराचा सरंजाम. "या अप्पा! सायब मागून येतेत का?"

अप्पांनी खाली बघितलं. पायऱ्या तांबड्या. कोनाड्यातले देव चंदेरी, गणपती तेवढा गुलाबी. भिंतीत मधोमध पिवळाधमक चौकोन आणि त्यात काळी अक्षरं, चांगली ठसठशीत. ऊन पडून सगळी बारव नव्या बस स्टॅंडसारखी चमकत होती. जलीलचा हात चांगला, हे मान्य करावंच लागलं. सूर्याला त्यानं डोळे काढले होते.

"सायब येत न्हाईत," अप्पा म्हणाले. "रंग काढावा लागतो, मगच येतो म्हनले."

शेषेरावांनी हातातला नारळ खुर्चीखाली ठेवला.

"काढावा लागतो म्हंजे?" शेषेराव म्हणाले. "अप्पा, घरटी पट्टी करून रंग आणला. परवा नारळ फोडून देवाला रंग चढवला. आता अंगावरचा काढून घ्यायचा? देव हाय का तुमच्या दुकानातला माल हाय?"

"देवाचं न्हाई म्हनत मी. त्या अक्षराच्या दगडाचं म्हनतो."

"तो बी बारवेतलाच. एकाचा काढला म्हंजे सगळ्याचा अपमान. अन् खरं सांगू का, इतके वर्स कोन बघत नव्हतं तर तुम्ही म्हनायचे, लक्ष द्या, लक्ष द्या. आता दिलो लक्ष, तर म्हनता काढा."

ते खोटं नव्हतं. अप्पांनीच येऊन येऊन गावाला या दगडाची गोडी लावली होती. ते वरच्या पायरीवर बसले. रंग अजून चिकट होता, पँटीला धरला. आता उठावं, घरी जावं, रविवारी दुकान उघडं ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खरंच उठायला लागले.

तेवढ्यात पलीकडून लक्ष्मीबाई आली, बारवेला लागून जिचं घर आहे ती. एका हातात धुण्याची बादली, दुसरा हात कंबरेवर.

"अप्पा, तुम्हीच का रंगाचे मालक?"

"हाव, बाई."

"मग हे बघा." तिनं लुगडं वर सारून नडगीवरचा काळानिळा डाग दाखवला. "माझी सासू या पायऱ्या उतरली, मी उतरली, एकदा पाय सरकला न्हाई. तुमच्या तांबड्यानं काल मला पार पान्यापर्यंत नेलं."

"वैनी, तुम्ही मधी बोलू नका, देवाचं काम हाय," शेषेराव म्हणाले.

"कोनचा देव? त्या पिवळ्या दगडाला कोन पुजतं ते सांगा. मी त्याच्या अंगावर धुनं वाळत घालती, सून आल्यापास्नं ती घालती. देव असता तर तुम्ही घालू दिलं असतं का? देवाचं देवाला ठेवा. दगडाचं अन् पायरीचं काढा. न्हाईतर सरपंच, उद्यापास्नं माझं पानी तुम्ही भरा."

खुर्चीवरचं कुणीतरी फिसकन हसलं. शेषेरावांनी सत्काराचा टॉवेल घडी करून काखेत मारला. "काढा. पन देवाला हात लावायचा न्हाई. अन् सायबाला सांगा, आमी रंग दिला होता म्हनून."

जलील आणि अप्पा खाली उतरले, भिंत धरून धरून. जलीलनं दगडाच्या कोपऱ्यावर औषध चोपडलं. पिवळा रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुतला. फडक्यानं टिपायचं, दाताच्या ब्रशानं खाच कोरायची, पाणी टाकायचं, पुन्हा औषध.

"ताजा हाय म्हनून निघून राहिलाय," जलील म्हणाला. "एक पावसाळा गेला असता तर दगडासंगच उतरला असता."

वासानं डोकं चढलं. अप्पांचे गुडघे बोलायला लागले. भाकरी खायला हात स्वच्छ नव्हते, ती तशीच राहिली. वर लक्ष्मीबाईची सून अंगणात धुणं आपटत होती आणि अधूनमधून डोकावून "निघालं का हो?" विचारत होती.

जलीलनं एका खाचेवर बोट ठेवलं. म्हणाला, "अप्पा, इकडं बघा. हे अक्षर न्हाईच."

"म्हंजे?"

"ही भेग हाय. नुसती भेग. मी तिला वर वेलांटी देलो. अक्षर करून टाकलो तिला." त्यानं ब्रश खाली ठेवला. "अन् हे बी. ही तर हातोड्याची खोच दिसते. मला वाटलं, मिटलं असंल, आपन नीट करून द्यावं."

अप्पांना हसू आलं. आवरेना. मग जलीललाही आलं. हजार वर्षांच्या कानडीत उदगीरच्या रंगाऱ्याची भर पडली होती, आणि सर आले असते तर त्यांनी त्या वेलांटीवर चष्मा लावून दुपार घालवली असती.

ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा पहिली ओळ निघाली होती. निघाली म्हणजे काय, अक्षरांच्या तळाशी पिवळसर राहिलंच, दगडाच्या बारीक छिद्रांत बसलेलं. ते आता कशानं जायचं नाही. पण खाच मोकळी झाली. अप्पांनी बोट फिरवलं. पूर्वी लागायची तशी कड बोटाला लागली, कुठं कुठं. कुठं नाही. फोटो काढून सरांना पाठवला.

"बाकीचं?" जलीलनं विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"मी येतो. तुमच्यानं एकट्यानं हुनार न्हाई."

"मजुरी?"

"आता तर बिलकुल नक्को."

सोमवारी सकाळी अप्पांनी दुकान उघडलं. नखांत पिवळा रंग तसाच होता. सरांचं उत्तर आलेलं, दोन शब्द: "चालू ठेवा." येतो म्हणून नव्हतं. अप्पांनी ते वाचून मोबाईल गल्ल्यात टाकला.

हाळी गावाकडचा एक गडी काउंटरला टेकला. "चंदेरी द्या एक डबा."

अप्पांचा हात फळीकडं गेला आणि थांबला. "कशाला लावायचा?"

"तुम्हाला काय करायचंय? पैशे रोख हायत."

"कशाला लावायचा ते सांग. दगडाला का?"

गडी बावचळला. शेजारच्या दुकानाकडं बघितलं, मग अप्पांकडं. "गेटाला. लोखंडाच्या गेटाला. शेतावरच्या."

"मग ने."

अप्पांनी डबा खाली घेतला, झाकण पेचकसानं उचकलं, खाली साकळलेली चांदी लाकडी काठीनं वर काढली आणि हलवायला लागले.